एकावन्नाव्या पानावरची कुयरी

गुरुवारी सकाळी फडताळातून लोणच्याची बरणी काढताना गणपतराव पोवारांचा हात मध्येच थांबला. बरणी नेहमीचीच, पोटाला पांढरी आणि गळ्याला तपकिरी. तिच्यावर शालनने चिकटवलेली कागदाची पट्टी होती आणि पट्टीवर निळ्या पेनाने काढलेली एक कुयरी. शेपूट डावीकडे वळलेलं, पोटात तीन ठिपके. लिंबाच्या बरणीवर गोल, मिरचीच्या बरणीवर उभी रेघ आणि आंब्याच्या बरणीवर कुयरी, ही शालनची पद्धत लग्नापासूनची. म्हणजे ही कुयरी त्यांनी चाळीस वर्षं जेवताना रोज बघितली होती, आणि आज पहिल्यांदा पाहिली. 

"काय बघालाय? काढा की खाली, चपाती गार झाली," शालन म्हणाली.

"ही कुयरी तू काढलीस?"

"मग काय शेजारणीनं? खुळ्यागत काय इचारालाय सकाळच्या पारी?"

त्यांनी बरणी टेबलावर ठेवली, लोणच्याची फोड ताटात घेतली आणि घास तोंडात नुसता फिरवत राहिले. कारण हीच कुयरी, हेच डावं शेपूट आणि हेच तीन ठिपके, ते गेलं दीड वर्ष दुसऱ्याच एका ठिकाणी बघत आले होते. आणि ती कुयरी काढणाऱ्या कुणा अनोळखी बाईवर, आता हे कुणाला सांगायचं, सदुसष्टाव्या वर्षी ते जरासे भाळले होते.

गणपतराव म्हणजे पोवार सर. चौतीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलेले. आजऱ्यापासून शिरोळपर्यंत अशी शाळा नसेल जिथे त्यांनी 'काय वाचावं' या विषयावर व्याख्यान दिलं नाही. त्यात एक वाक्य ठरलेलं असे, "हलकं वाचणं म्हणजे मनाला शिळं जेवण घालणं." या वाक्याला टाळ्या पडत. शाल, श्रीफळ आणि टाळ्या घेऊन सर शेवटच्या एसटीने घरी येत आणि एसटीत झोपत, कारण खरं सांगायचं तर जी जाड पुस्तकं ते लोकांना वाचायला सांगत, त्यांतली निम्मी त्यांना स्वतःला पेलली नव्हती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. निवृत्तीनंतर राहिलेलं सगळं वाचून काढायचं असं ठरवून ते दीड वर्षापूर्वी मंगळवार पेठेतल्या बोळात पिराजीच्या लायब्ररीत गेले होते. हवा होता एक वैचारिक ग्रंथ. पिराजी म्हणाला, "सर, ते गेलंय भायेर. तवर हे न्या, टायमपास हाय." टायमपास म्हणजे एका नर्सची आणि चहाच्या मळ्यातल्या मॅनेजरची गोष्ट होती. सरांनी ती उपकार केल्यासारखी उचलली, रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून तुच्छतेने उघडली आणि मान वर केली तेव्हा ऊन पाण्यावरून केव्हाच उतरलं होतं. शेजारी ठेवलेला चहा तसाच राहिला होता आणि त्यात एक माशी पडली होती. नर्सचं पुढे काय होणार या काळजीने त्यांचा जीव टांगणीला लागला होता. असा जीव टांगणीला लागण्यात इतकं सुख असतं, हे मराठीच्या मास्तराला पासष्टी उलटल्यावर कळलं.

तेव्हापासून त्यांचं दुसरं आयुष्य सुरू झालं. घरी सांगायचं, फिरायला जातो. कापडी पिशवीत कादंबरी, तिला वर्तमानपत्राचं कव्हर, खिशात कागदात बांधलेला भडंग. शालन भडंगाच्या गावची, जयसिंगपूरची, त्यामुळे घरात भडंगाचा डबा कधी रिकामा नसतो. कट्ट्यावर रस्त्याकडे पाठ करून बसायचं. एका हाताने पान धरायचं आणि दुसऱ्या हाताने चिमूट चिमूट भडंग खायचा, पण त्यातल्या तळलेल्या लसणाच्या पाकळ्या बाजूला काढून ठेवायच्या आणि प्रकरण संपलं की एक तोंडात टाकायची. एवढंसं सुख. पण त्यासाठी ते दुपारी जेवणानंतर मुलासारखे घड्याळाकडे बघत. कुणी ओळखीचा आला की पुस्तक मिटून विचारात पडल्यासारखं तळ्याकडे बघायचं. माजी विद्यार्थी लांबूनच नमस्कार करून जात. सर चिंतन करतात असं त्यांना वाटे, आणि सरांचे कान तापत. चोराच्या मनात चांदणं.

त्या पुस्तकांतच त्यांना कुयरी भेटली. पिराजीच्या लायब्ररीतल्या जुन्या बायकांची एक रीत होती. दोनशे पुस्तकं वाचली की कुठलं वाचलं आणि कुठलं नाही हे लक्षात राहत नाही, तेव्हा प्रत्येकीने आपलं एक पान ठरवलेलं असायचं आणि पुस्तक वाचून संपलं की त्या पानावर आपली खूण करायची. एखादीची बाविसाव्या पानावर फुली, दुसरीची शंभराव्या पानावर चांदणी. पिराजीने भिंतीवर 'पुस्तकात लिहू नये' अशी पाटी लावली होती. तिच्याखाली उभं राहून बायका पान उलटून आपली खूण आहे का बघत आणि नसेल तर पुस्तक घेऊन जात. कुयरीवालीचं पान एकावन्न. जिथे कुयरी असेल ती कादंबरी हमखास चांगली निघते, हे सरांच्या सहाव्या-सातव्या पुस्तकाला ध्यानात आलं. मग ते आधी एकावन्नावं पान उघडून बघायला लागले. तिच्या पुस्तकांत प्रकरणाच्या शेवटच्या पानाच्या कडेला तेलकट बोटाचे डाग असत. हीसुद्धा प्रकरण संपल्यावर काहीतरी खाते, असं मनात येऊन त्यांना कट्ट्यावर एकट्यालाच हसू फुटलं होतं. वाचून झालं की तेही कुयरीखाली आपल्या लाल पेनाने एक बरोबरची खूण करायला लागले. लांब शेपटाची, वह्यांवर करत तशी. तिला ती कधीतरी दिसेल, असं वाटे. ती कोण असेल? ताराबाई पार्कातली एखादी डॉक्टरीण, बँकेतली एखादी साहेबीण, पांढऱ्या सुती साडीतली, चष्मा कपाळावर सरकवणारी. शनिवारी लायब्ररीत जाताना ते इस्त्रीचा सदरा घालू लागले. मनातल्या मनात तिच्याशी बोलत. घरी शालन विचारे, "भाजी काय करू?" तर ते म्हणत, "काहीही कर," आणि कुयरीवालीशी नर्सविषयी बोलत राहत.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. गुरुवारी चपातीचा घास गिळवत नव्हता तो या लाजेने. ज्या बाईला त्यांनी मनात इतकं नटवलं, तिला शालनचा चेहरा देणं त्यांना एकदाही सुचलं नव्हतं. समोर शालन बसली होती, उरलेल्या चपातीचा तुकडा आमटीत बुडवत. ही वाचत होती? केव्हा? त्यांनी आठवून आठवून बघितलं. हातात पुस्तक घेतलेली शालन त्यांना आठवेचना. फक्त एकदा घरात तिची कादंबरी दिसलेली आठवत होती, पण ती आठवण आली तशी त्यांनी मागे ढकलली.

दुपारी ते लायब्ररीत गेले तेव्हा पिराजी टेबलावर डोकं ठेवून पेंगत होता. "पिराजी, आमची ही कधी येत होती काय रे इथं?" त्यांनी जमेल तितक्या सहज विचारलं.

"वैनी? यायच्या की! दर शनवारी, बाजाराची पिशवी घिऊन. खाली मेथी, मधी पुस्तक, वर परत मेथी." पिराजी हसला. "तुम्हास्नी ठावं न्हाय व्हय?"

"आहे की. किती वर्षं आली तेवढं विचारतोय."

खोटं बोलताना त्यांनी पिशवी पाठीमागे धरली. मेथीच्या जागी वर्तमानपत्र, एवढाच काय तो फरक. पिराजीने खालच्या खणातून धुळीने भरलेला एक गठ्ठा काढला आणि त्यातून पिवळं पडलेलं एक कार्ड. सौ. शालन गणपतराव पोवार. दोन्ही बाजूंनी पुस्तकांचे नंबर, खालपर्यंत भरत आलेले. शेवटचा नंबर अकराशे बेचाळीस, साल त्र्याण्णव. "ह्ये पुस्तक ठिवलं आन् गेल्या," पिराजी म्हणाला. "म्हटलं दुसरं दिऊ? तर म्हटल्या नगो, पुरं झालं आता. लई वर्सं वाटायचं, येत्याल परत." अकराशे बेचाळीस मागच्या मांडणीत सापडलं. कव्हर केव्हाच गेलेलं, नावाचं पानही गेलेलं, साधा पुठ्ठा बांधलेला. सरांनी एकावन्नावं पान उघडलं. ते कोरं होतं.

ती गोष्ट कुमुद नावाच्या मुलीची होती. शुक्रवारी आणि शनिवारी ते ती कट्ट्यावर वाचत राहिले. भडंग नेला होता, पण पुडी सोडली नाही. कुमुद मामाकडे वाढलेली, शिवणकाम करणारी, सगळ्यांना हो म्हणणारी. एकशे बाराव्या पानावर ते एका वाक्याशी थांबले. 'कुमुदने खिडकीची कडी काढली तेव्हा वारा आत आला, आणि इतकी वर्षं तो बाहेर उभा होता याचं तिला वाईट वाटलं.' त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचलं. किती साधं आहे, असं त्यांना वाटलं, आणि डोळे भरून आले. आणि डोळे भरलेले असतानाच त्यांच्या कानात तेच वाक्य दुसऱ्या एका आवाजात वाजलं. नाकातून काढलेला, ओढून लांबवलेला आवाज. त्यांचाच.

मागे ढकललेली आठवण आता समोर येऊन बसली. त्र्याण्णवचा उन्हाळा. हेडमास्तर आणि दोन शिक्षक घरी आले होते, व्याख्यानमालेचं ठरवायला. चहा झाला होता. पाण्याचा तांब्या आणायला गणपतराव उठले, तर शिलाई मशिनवर एक कादंबरी उघडी, पालथी पडलेली. निळ्या साडीतल्या बाईचं कव्हर. ते ती बाहेर घेऊन आले आणि म्हणाले, "बघा सर, वाचनसंस्कृती आमच्या घरापर्यंत पोचली!" मग उभं राहून, एक हात छातीवर ठेवून त्यांनी ते वाक्य वाचून दाखवलं. हेडमास्तर हसले. शिक्षक हसले. एकाने विचारलं, "पुढं काय होतं हो वहिनी?" शालन कपबशा गोळा करत होती. तिने तोंड उघडलं होतं, ती खरंच सांगणार होती, तिच्या डोळ्यांत ती सांगण्याची हौस आलेली होती. आणि गणपतराव मध्येच म्हणाले, "व्हायचंय काय? शेवटी लग्न! असल्या सगळ्या पुस्तकांचा शेवट एकच." पुन्हा सगळे हसले. शालनही हसली. हातात ट्रे धरून, पदर सावरत ती हसली, म्हणून त्या दिवशी त्यांना काहीच वाटलं नव्हतं. इतकी वर्षं त्या आठवणीला त्यांनी हात लावला नव्हता तो तिच्या हसण्याच्या आधारावर. ती हसली होती ना, मग झालं.

आज मात्र त्यांना दुसरंच काही टोचत होतं, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. त्यांनी ते पुस्तक वाचलेलंच नव्हतं. एकही पान नव्हे. शेवट त्यांनी मनाने ठोकून दिला होता. शनिवारी दुपारी चार वाजता रंकाळ्यावर बसून गणपतराव पोवारांनी त्या कादंबरीचा शेवट वाचला, आणि शेवटी कुमुदचं लग्न होत नव्हतं.

पुस्तक मिटण्याआधी त्यांच्या हाताने, सवयीने, एकावन्नाव्या पानावर लाल खूण करून टाकली. मग परत करून टाकावं पिराजीला, असा विचार आला. शालनला काय ठाऊक आहे? ती सुखात आहे, टीव्ही बघते, लेकीला, मोनाला, पुण्याला लोणचं पाठवते. जुनं उकरून कशाला काढा? चाळीस वर्षं नीट चाललेल्या संसारात एका फाटक्या कादंबरीची ती काय मातब्बरी? असं ते स्वतःला समजावत होते आणि समजावणारा आवाज त्यांना ओळखीचा वाटत होता. व्याख्यानातला होता तो. वाटेत त्यांनी पुस्तकाचं वर्तमानपत्र काढून टाकलं. उघडं पुस्तक हातात घेऊन पेठेतून चालताना अंगावर कपडे नसल्यासारखं वाटत होतं.

शालन स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. त्यांनी पुस्तक ताटाशेजारी ठेवलं. तिने ते लगेच ओळखलं नाही. हात पदराला पुसून तिने एक पान उघडलं, चार ओळी वाचल्या, आणि पुस्तक मिटून ठेवलं.

"कुमुदचं हाय ह्ये. पिराजीकडनं आणलंसा?"

"हो. तुझं राहिलं होतं वाचायचं."

"कुणी सांगितलं राहिलं म्हणून?"

"एकावन्नाव्या पानावर कुयरी नाही."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. बरणी, परवाचा प्रश्न, रोजचं फिरायला जाणं, सगळं एकापाठोपाठ एक तिच्या ध्यानात येत असावं. मग तिने मेथीची एक काडी उचलून तिची पानं खुडली. "काय करू आता वाचून? शेवट ठावं हाय मला. लगीन होतंय. तुमीच सांगितल्यालं की, हेडमास्तरांच्या म्होरं."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "त्या दिवशी हसलो, म्हणून सोडलंस वाचायचं?" त्यांनी विचारलं.

"हसल्याचं काय न्हाय वो. गडीमाणसं हसत्यातच. घरी जाऊन इसरलीबी आसतील. पर तुमी मास्तर. तुमी म्हटलासा सगळ्या पुस्तकांचा शेवट एकच. म्हटलं, खरं आसंल. मग ठावं आसल्यालं कशाला वाचायचं? डोळं फोडायचं निस्तं."

म्हणजे तिला लाज वाटली म्हणून तिने सोडलं नव्हतं. तिने विश्वास ठेवला म्हणून सोडलं होतं. 

"तुमी वाचलीसा ही?" तिने विचारलं.

"छे, छे. मी कसलं हे... चाळली जरा."

शिंक यावी तसं ते तोंडातून गेलं, थोपवायच्या आत. बोलून झाल्यावर त्यांना स्वतःची किळस आली. एवढं सगळं कळून, पुस्तक उघडं हातात धरून पेठेतून चालून येऊन, शेवटी तोंडातून हेच निघालं. शालनने चष्मा डोळ्यांवर घेतला, अंगठा थुंकीने ओला केला आणि एकावन्नावं पान काढलं. लाल खूण तिथे होती, लांब शेपटाची. किराणाच्या यादीवर, लाईटच्या बिलावर, मोनाच्या प्रगतिपुस्तकावर तिने आयुष्यभर बघितलेली.

"मग हिला पास कुणी केलं?" ती म्हणाली.

गॅसवरचं दूध वर येत होतं. कुणीच हललं नाही, मग तिनेच हात लांब करून गॅस बंद केला.

"मी केलं," गणपतराव म्हणाले. "वाचली मी. रडलो वाचताना. दीड वर्ष झालं, असलीच वाचतोय मी, चोरून. तुझ्या कुयऱ्या बघून वाचतोय." आणि मग, थांबलो तर पुन्हा जमणार नाही हे कळून, घाईने म्हणाले, "शालन, लग्न होत नाही तिचं."

"कुणाचं?"

"कुमुदचं. मी तेव्हा वाचलीच नव्हती. एक पानसुद्धा नाही. ते मी असंच ठोकून दिलं होतं, लोकांना हसवायला."

शालनच्या हातातली मेथी तशीच राहिली. तिच्या चेहऱ्यावर आनंद आला नाही की राग आला नाही. ती कुठेतरी लांबचं बघत होती, शनिवारच्या बाजाराकडे, पिशवीकडे, पिराजीच्या मांडणीकडे.

"म्हंजे बाकीच्यांचाबी येगळा आसंल," ती हळूच म्हणाली.

त्यांना पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. ती कुमुदविषयी बोलत नव्हती. न वाचलेल्या सगळ्या पुस्तकांविषयी बोलत होती, कार्डावर ज्यांचे नंबर पडलेच नाहीत त्यांच्याविषयी. "हो," ते म्हणाले. "प्रत्येकाचा वेगळा असतो."

"मग काय करती ती कुमुद शेवटाला?"

त्यांनी तोंड उघडलं. शालनने मेथीचा हात वर केला. "न्हाय. गप बसा. आता परत सांगू नका." तिने ताट बाजूला सारलं, फडताळातून भडंगाचा डबा काढला आणि पुस्तक घेऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. पहिलं पान उघडलं. मग मान वर करून म्हणाली, "तुमी भायेर जावा जरा. कुणी बघाय लागलं की मला वाचाय येत न्हाय."

ते बाहेर आले. दार त्यांच्या मागे लागलं, आतून कडी मात्र घातली गेली नाही. जिन्याच्या पायरीवर ते अनवाणीच उभे होते, चपला आत राहिल्या होत्या. वरच्या मजल्यावरच्या शमशादभाभी भाजीची पिशवी घेऊन जिना चढून आल्या आणि थबकल्या.

"सर, भायेर का उभारलाय? किल्ली विसरली व्हय?"

हो म्हणणं सोपं होतं. जिभेवर आलंच होतं. "न्हाय," पोवार सर म्हणाले, मोठ्याने, आत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "शालन कादंबरी वाचायलीय."

"मग तुमी का भायेर?"

"शिक्षा हाय."

भाभी खळखळून हसल्या, सरांनाबी इनोद करता येतोय की म्हणाल्या, आणि वर निघून गेल्या. आत भडंगाच्या डब्याचं झाकण वाजलं. मग बराच वेळ काहीच नाही. मग एक पान उलटल्याचा आवाज आला. पोवार सरांनी भिंतीला टेकलेली पाठ काढून घेतली आणि हात मागे बांधून ते सरळ उभे राहिले.